रफिया, कशफ आणि आमचा मोहल्ला

एखादी मालिका बंद पडली म्हणून हळहळण्याची आपल्याकडे रीत नाही. मालिका संपली की घरातले पुरुष सुटकेचा निःश्वास टाकतात आणि बायका दुसरी मालिका शोधतात. ‘चार दिवस सासूचे’ ही मराठी मालिका २००१ साली सुरू झाली आणि २०१३ पर्यंत चालली. तीन हजारांहून अधिक भाग! आमच्या शेजारच्या घरात ती सुरू झाली तेव्हा पाळण्यात असलेली मुलगी मालिका संपताना सातवीत होती. नावात चार दिवस आणि चालली बारा वर्षे, असा विनोद तेव्हा घरोघरी व्हायचा.

म्हणून २०१४ च्या जूनमध्ये ‘जिंदगी’ नावाची वाहिनी सुरू झाली आणि तिच्यावर वीस-पंचवीस भागांत संपणाऱ्या मालिका दिसू लागल्या, तेव्हा पहिल्यांदा विश्वासच बसला नाही. झी समूहाने सुरू केलेल्या या वाहिनीवर पाकिस्तानात तयार झालेल्या मालिका दाखवल्या जात. ‘जोडे दिलों को’ असे तिचे ब्रीद होते. पहिल्या दिवसापासून जी मालिका लागली ती ‘जिंदगी गुलजार है’. उमेरा अहमद यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवर ती बेतलेली होती. दिग्दर्शन सुलताना सिद्दीकी यांचे. एकूण भाग २६. पाकिस्तानात ती २०१२-१३ मध्ये आठवड्याला एक भाग अशी चालली होती; आपल्याकडे रोज दाखवल्यामुळे महिन्याभरात संपलीसुद्धा. लोकांनी मागणी केली म्हणून ती पुन्हा लावावी लागली.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रफिया नावाची एक शिक्षिका आहे. तिला तीन मुली. मुलगा नाही म्हणून नवरा मुर्तझा दुसरे लग्न करतो आणि त्या दुसऱ्या घरातच राहतो. रफिया शाळा सांभाळते, घरी ट्यूशन घेते, मुलींना शिकवते. थोरली कशफ हुशार आहे, पण मनातून कडू झालेली. अल्लाहने आपल्यालाच एवढे कमी का दिले, हा तिचा प्रश्न. ती विद्यापीठात जाते, तिथे श्रीमंत घरातला झारून भेटतो. दोघांचे पटत नाही. पुढे ती स्पर्धा परीक्षा देऊन सरकारी अधिकारी होते आणि बऱ्याच वळणांनंतर दोघांचा निकाह होतो. कशफचे काम सनम सईदने केले आणि झारूनचे फवाद खानने. रफिया झाल्या होत्या समिना पीरजादा.

फवाद खानवर काय लिहायचे ते इतरांनी भरपूर लिहिले आहे. आमच्या वर्गातल्या मुलींच्या कंपासपेटीत त्याचा फोटो असायचा, एवढे सांगितले तरी पुरे. मला जे लिहायचे आहे ते रफियाबद्दल.

आमच्या मोहल्ल्यात एक खाला आहेत. नाव सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही, कारण अशा खाला तुमच्याही मोहल्ल्यात असतील. त्यांना तीन मुलीच. तिसरी झाल्यावर त्यांच्या शौहरनी दुसरा निकाह केला आणि मागच्या गल्लीत वेगळे बिऱ्हाड थाटले. खालांनी शिवणकाम करून मुली वाढवल्या. तिघींची लग्ने झाली. या सगळ्या वर्षांत या विषयावर एक शब्द त्या कोणाशी बोलल्या नव्हत्या. बायकांच्या घोळक्यात कोणी विषय काढलाच तर त्या सुपारी कातरत बसायच्या. त्या दिवसांत त्या आमच्याकडे इशाच्या नमाजनंतर टीव्ही पाहायला येऊ लागल्या. तिसऱ्या की चौथ्या दिवशी रफिया आपल्या मुलींच्या फीचा हिशेब करत बसलेली असते तेव्हा खाला एकदम म्हणाल्या, “मेराच किस्सा दिखारे गे ये लोगां.” आणि मग त्या बोलत राहिल्या. मालिका संपली, टीव्ही बंद झाला, तरी त्या बोलत होत्या. पहिल्या ईदला शौहर मिठाई घेऊन आले ती दारातच कशी ठेवून घेतली. धाकटीच्या रिश्त्याच्या वेळी वरपक्षाने बाप कुठे आहे विचारल्यावर काय उत्तर दिले. माझ्या सासूबाई त्यांच्या पस्तीस वर्षांच्या शेजारी, पण त्यांनाही यातले निम्मे ठाऊक नव्हते.

मुलींच्या संगोपनाची फजीलत आपण दर रमजानमध्ये बयानातून ऐकतो. ऐकताना माना डोलावतो. आणि तिसरी मुलगी झाली की त्याच घरात दवाखान्यातून पेढ्यांऐवजी गप्प चेहरे परत येतात. हे सांगणारे भाषण आणि हेच सांगणारी रफिया यांत फरक असा की भाषणात चूक नेहमी दुसऱ्या कोणाची तरी असते. मालिकेत मुर्तझा वाईट माणूस म्हणून दाखवलेला नाही. तो बसून बोलतो, मुलींची चौकशीही करतो, आणि तरीही त्याला आपण काय केले ते कळलेले नसते. आमच्या घरातले पुरुष सुटकेचा निःश्वास टाकणारेच, पण मुर्तझाच्या प्रसंगांना ते वर्तमानपत्र बाजूला ठेवायचे, हे मी पाहिले आहे.

आता एक तक्रारही लिहिते, नाहीतर मालिकेवर आंधळे प्रेम आहे असे वाटेल. झारूनची आई गझाला ही घराबाहेर रमणारी, नवऱ्याला न जुमानणारी दाखवली आहे आणि मालिका तिच्याकडे सतत नाक मुरडून पाहते. झारूनची बहीण साराचा संसार मोडतो तोही जणू तिच्याच आधुनिकपणामुळे. म्हणजे गरिबीमुळे नोकरी करणारी रफिया चांगली आणि मनासारखे जगायला निघालेली गझाला वाईट. बाईने बाहेर पडावे, पण रडत पडावे, असाच तो न्याय झाला. मी वीस वर्षे नोकरी करते. सुरुवातीला गरज होती, आता आवड आहे. मग आवड निर्माण झाली त्या दिवसापासून मी रफियाची गझाला झाले काय? हे मी वर्गात मुलींना विचारले होते. एक मुलगी म्हणाली, “टीचर, तुम्ही रफियाच, पण पगार चांगला असलेली.” सगळा वर्ग हसला.

मुलींवर परिणाम व्हायचा तो वेगळ्याच गोष्टीचा झाला. कशफ अधिकारी होते, तिच्या दारापुढे सरकारी गाडी उभी राहते, हे त्यांनी पाहिले. एरवी यूपीएससी, एमपीएससी ही नावे मार्गदर्शन शिबिरात पाहुण्यांच्या तोंडून ऐकायची आणि विसरायची. त्या महिन्यात नववीच्या दोन मुली स्टाफरूमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि “आपल्याकडे तहसीलदार व्हायला काय लागतं?” असे विचारू लागल्या. एकीचे वडील हमाल, दुसरीचे रिक्षाचालक. दोघी अजून तहसीलदार झालेल्या नाहीत. एक तलाठी आहे.

भाषेचाही मुद्दा आहे, आणि मी दोन्ही भाषा शिकवते म्हणून तो मला जास्त जाणवतो. आपण घरी जी बोलतो ती दख्खनी. कोकणात गेलात तर घरची बोली वेगळीच, मराठीच्या कितीतरी जवळची. शाळेत आणि बाजारात मराठी. उर्दू आपल्याकडे बहुतेक घरांत नात, बयान, लग्नपत्रिका आणि मदरशापुरती उरली आहे. मुले मराठी किंवा इंग्रजी माध्यमात जातात. उर्दू समजते, पण लिपी येत नाही. अशा घरांत रोज रात्री तासभर स्वच्छ, साधी, रोजच्या व्यवहारातली उर्दू येऊ लागली. शायरीची नाही, भांडणाची उर्दू, भाजी आणायला सांगणारी उर्दू. आमच्या धाकट्याने जेवताना “जरा नमक इनायत कीजिए” म्हटले तेव्हा त्याच्या दादीने त्याला चमच्याने टपली मारली, पण नमक दिले. खाला मात्र म्हणायच्या, “इत्ता सुधा बोलके झगडा कैसा होता गे?” प्रश्न बरोबर होता. दख्खनीत भांडण जास्त रंगते.

त्या मालिकांमागे मोठी परंपरा आहे हेही यानिमित्ताने मुलींना सांगता आले. हसीना मोईन या लेखिकेने १९८० च्या दशकात पाकिस्तान टेलिव्हिजनसाठी ‘अनकही’, ‘तनहाइयां’, ‘धूप किनारे’ अशा मालिका लिहिल्या. हसतमुख, नोकरी करणाऱ्या, स्वतःचे मत असलेल्या मुली त्यांच्या नायिका. त्या काळी व्हिडिओ कॅसेटवरून त्या भारतातही फिरल्या. आमच्या मामूंकडे ‘धूप किनारे’चा संच होता आणि तो मुंबईहून गावोगाव हातोहात जायचा. याच मालिकेवरून २०११ साली सोनी वाहिनीवर ‘कुछ तो लोग कहेंगे’ आली. हसीना मोईन यांचा जन्म कानपूरचा. २०२१ साली त्यांचे निधन झाले. ‘हमसफर’ लिहिणाऱ्या फरहत इश्तियाक किंवा उमेरा अहमद यांच्या मागे ही वाट तयार होती, आणि बाईची गोष्ट बाईने लिहिली की स्वयंपाकघरातले तपशील चुकत नाहीत.

मग १८ सप्टेंबर २०१६ उजाडला. उरी येथे लष्कराच्या तळावर दहशतवादी हल्ला झाला, आपले जवान शहीद झाले. त्या आठवड्यात मालिकेची आठवण काढणेही शोभले नसते. काही दिवसांतच वाहिनीने पाकिस्तानी मालिका थांबवण्याचा निर्णय घेतला. पुढे २०१७ च्या मध्यात वाहिनी टीव्हीवरूनच गेली. २०२० मध्ये हेच नाव मोबाइलच्या पडद्यावर परत आले, जुन्या मालिका पुन्हा दिसू लागल्या. नंतर २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम झाले. सव्वीस निरपराध माणसे मारली गेली. ८ मे रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने पाकिस्तानी मालिका, चित्रपट, गाणी दाखवू नयेत अशी सूचना काढली आणि ते दारही मिटले.

ज्या घरातला माणूस गेला त्या घरापुढे आपल्या मालिकेचे दुःख सांगायचे नसते, एवढी समज आपल्या प्रत्येक घरात आहे. निर्णयावर वाद घालण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण एक गोष्ट मनात राहून गेली ती लिहिते. २०१६ च्या त्या दिवसांत आमच्या स्टाफरूममध्ये मराठी शिकवणाऱ्या एक बाई डबा उघडता उघडता मोठ्याने म्हणाल्या, “अहो, ती उर्दू मालिका बंद केली की हो त्यांनी! मला तर फार करमत नाही.” त्यांना ते सहज म्हणता आले. मी मान हलवली आणि घटक चाचणीच्या तारखा विचारल्या. करमत तर मलाही नव्हते, रोज रात्री खालाही येऊन रिमोटकडे पाहत होत्या. पण तेच वाक्य माझ्या तोंडून निघाले असते तर त्याचा अर्थ बदलला असता, किंवा बदलेल अशी मला भीती होती. त्या बाईंनी डब्यातली थालीपिठे माझ्याकडे सरकवली. हे मी त्यांना नंतर सांगितले तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या.

खरे तर मला हळहळ वाटते ती वेगळीच. रफियाला पाहण्यासाठी आम्हाला सीमेपलीकडे का पाहावे लागले? मराठी मालिकांत मुस्लिम घर आठवून पाहा. हिरवा पडदा, भिंतीवर मक्केचे चित्र, दारात आदाब करणारे चाचा, फार तर मित्राला मदत करणारा एखादा अब्दुल. त्या घरात मुलाला गणितात कमी मार्क पडत नाहीत, सासू-सुनेत मिठावरून खटका उडत नाही, वीजबिल येत नाही. सोलापूरच्या विडी कामगार बाईचे घर, रत्नागिरीच्या बंदरावरचे घर, मालेगावच्या यंत्रमागावरचे घर, यांतली एकही रफिया छोट्या पडद्यावर मला भेटलेली नाही. तीन हजार भाग चालवायला आपल्याकडे वेळ आहे, तर सव्वीस भागांपुरती एक मराठी रफिया का नसावी? आणि दोष सगळा वाहिन्यांना देऊन चालणार नाही. आपल्या घरांतल्या किती मुली मराठीत गोष्ट लिहितात? लिहिली तर घरात कोण वाचते?

यावर्षी दहावीच्या मुलींना मी सुट्टीत एक काम दिले. आपल्या मोहल्ल्यातल्या एका बाईची हकिकत दोन पानांत, मराठीत, तिची परवानगी घेऊन लिहायची. चौदा वह्या आल्या. त्यांत बांगड्या विकणाऱ्या बाई आहेत, दुबईहून परतलेली सून आहे, पोलिओ लसीकरणाला दारोदार फिरणारी आशाताई आहे. एका वहीत आमच्या खालाही आहेत. लिहिणारी मुलगी त्यांच्याकडे तीन दिवस गेली होती. मी ती वही खालांना वाचून दाखवली, कारण त्यांना वाचता येत नाही. त्यांनी दोन ठिकाणी थांबवले. एकदा शिलाई मशीन कोणत्या साली घेतले ते चुकले होते. दुसऱ्यांदा मुलीने लिहिले होते की खालांना मुलगा नव्हता. खाला म्हणाल्या, ते खोड आणि लिही, तीन मुली होत्या.