पाहुण्यांचे धोरण, यजमानांचे सरकार

बंगळुरूच्या विधानसौधावर ‘सरकारचे काम हे देवाचे काम’ अशा अर्थाचे वाक्य कोरलेले आहे. या देवळात शिरण्याचा तरुणांना ठाऊक असलेला राजमार्ग म्हणजे स्पर्धा परीक्षा. गेल्या दोन दशकांत त्याच्या शेजारी एक आडदरवाजा उघडला. आयआयएममध्ये सार्वजनिक धोरणाचे केंद्र आले, नॅशनल लॉ स्कूलने २०१४ मध्ये या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. शिकायला किंवा नोकरीला या शहरात आलेल्या मराठी तरुणालाही हा दरवाजा खुणावतो. मात्र त्यातून आत गेलेला तरुण सरकारचा होतो की सत्ताधाऱ्यांचा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

एस. एम. कृष्णा यांनी १९९९ मध्ये नंदन नीलेकणी यांच्या नेतृत्वाखाली शहरासाठी कृतिदल नेमले. त्यात नामवंत होते, उत्साह होता. २००४ मध्ये सत्ता बदलली आणि कृतिदल इतिहासजमा झाले. महाराष्ट्रात २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री फेलोशिपची गतही निराळी नव्हती. सत्तांतरानंतर ती थांबली आणि पुन्हा सत्ता फिरल्यावर २०२३ मध्ये परतली. नामवंतांना परतण्यासाठी आपापली क्षेत्रे असतात. विशी-पंचविशीतल्या उमेदवाराला मात्र ती नसतात, आणि वर्षभरात त्याने खात्याविषयी जे जाणले तेही त्याच्याबरोबरच बाहेर पडते.

कायम नोकरी माणसाला सुस्त करते, सरकारला ताज्या दमाची गरज असते, असा प्रतिवाद होतो. त्यात तथ्य आहे. पण बंगळुरूच्याच आदर्शाकडे पाहावे. सेंट्रल कॉलेजचे पदवीधर विश्वेश्वरय्या पुण्यात अभियांत्रिकी शिकले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता झाले. नाशिक, खानदेश, पुणे अशी त्यांची उमेदवारी झाली. नीरा कालव्यावरील पाणीवाटपाची गटपद्धत आणि खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे ही त्या काळातली कामे. म्हैसूरचे दिवाणपद आले ते १९१२ मध्ये. धोरण ठरवण्याचा अधिकार हाती येण्यापूर्वी त्यांच्या गाठीशी अंमलबजावणीची अडीच दशके होती. सुस्तीचा तेथे लवलेश नव्हता.

कर्नाटकाच्या ‘भूमी’ प्रकल्पाचेही मर्म हेच. जमिनीच्या हस्तलिखित नोंदी संगणकावर आल्या. त्याचे यश ठरले ते तालुका कचेरीच्या खिडकीवर, शेतकऱ्याच्या हाती उतारा पडला तेव्हा. सादरीकरणात पारंगत असलेल्या तरुणाने ती खिडकी पाहिलेलीच नसेल, तर त्याचा सल्ला कागदावरच राहणार. येथे भाषेचाही प्रश्न येतो. १९६३ च्या कायद्याने कन्नड ही कर्नाटकाची राजभाषा झाली. सीमाप्रश्नाचा सल कितीही खोल असो, येथे सरकारी काम करू पाहणाऱ्या मराठी तरुणाला कन्नडमधील टिपण वाचता आलेच पाहिजे. मंत्रालयात येणाऱ्या अन्य प्रांतीयाकडून मराठीची अपेक्षा आपण करतोच ना?

सरकारची जबाबदारी याहून मोठी आहे. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये थेट भरतीची ४५ पदांची जाहिरात आरक्षणाच्या मुद्द्यावर मागे घेतली. नियमांवाचून उघडलेला दरवाजा वादाच्या पहिल्या झुळकीने बंद होतो, हाच त्याचा धडा. म्हणून अशा नेमणुका मुख्यमंत्र्यांच्या मर्जीवर न ठेवता सेवानियमांत बसवाव्यात, निवडीत आरक्षण पाळावे, मुदत किमान दोन वर्षांची असावी आणि त्यातले पहिले वर्ष तालुक्यात जावे. जाताना प्रत्येकाने आपल्या कामाचे सविस्तर टिपण खात्याच्या दप्तरी ठेवावे. हे न करता दरवर्षी नवे उमेदवार घेत राहिल्यास तरुणांच्या पदरी प्रमाणपत्रे पडतील आणि खात्याला तोच धडा दरवेळी नव्याने गिरवावा लागेल.