मांडीवरचे लेकरू सुरक्षित नसते

दसरा जवळ आला की आमच्या वस्त्यांमध्ये गाड्या ठरू लागतात. कुणी दीक्षाभूमीला निघते, कुणी दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या धम्म मेळाव्याला. आठ जणांच्या गाडीत बारा-तेरा जण बसतात. लेकरांची तर मोजणीच होत नाही, कारण ती मांडीवर असतात. सर्वांत लहान असते ते पुढच्या सीटवर, आईच्या कुशीत. कुणी टोकले तर उत्तर ठरलेले, "काही होत नाही वं माय, मांडीवरच हाय ना लेकरू!"

आमचे भांडण या एका वाक्याशी आहे.

ताशी ४० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी धडकली, तर गाडी थांबते, पण आतली माणसे त्याच वेगाने पुढे जातात. तो आघात सुमारे वीस फुटांवरून, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून खाली पडण्याइतका असतो. दहा किलोचे लेकरू त्या क्षणी दीड-दोन क्विंटलच्या पोत्यासारखे जड होते. आईची माया कितीही मोठी असो, एवढे ओझे कोणत्याच हाताला धरून ठेवता येत नाही. आईने बेल्ट लावला नसेल तर तिचेच अंग लेकराला समोरच्या पत्र्यावर दाबते. आई आणि लेकरू दोघांना मिळून एकच बेल्ट लावला तरी तेच होते.

मागे बसले म्हणजे झाले, हाही भ्रमच. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. गाडी महागडी होती. पुढचे दोघे वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता.

आपल्याकडचा रस्ताही आता पहिल्यासारखा राहिला नाही. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला मार्गावर लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत तयार झाला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता चांगला झाला याचा आम्हाला आनंदच आहे. पण जिथे खड्डे चुकवत हळूहळू जात होतो, तिथे गाडीचा काटा आता सहज ऐंशीच्या पुढे जातो. रस्ता नवा झाला, बसण्याच्या सवयी मात्र जुन्याच राहिल्या.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असावे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलाला सीट बेल्ट किंवा चाइल्ड सीटने न बांधता गाडी चालवली तर १,००० रुपये दंड आहे. दुचाकीवर ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला डोक्यात हेल्मेट आणि चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा हवा आणि वेग ४० च्या वर जाऊ नये, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. पण दंडाच्या भीतीने लावलेला बेल्ट नाका ओलांडला की सुटतो. आम्हाला तो समजून-उमजून लावलेला हवा.

कुणी म्हणेल, चाइल्ड सीटला काही हजार रुपये लागतात. रोजमजुरीच्या घराने ते कुठून आणायचे? वर्षातून चार वेळा भाड्याच्या गाडीत बसणाऱ्याने सीट का विकत घ्यावी? हा प्रश्न रास्त आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तर एकेकट्या घराने शोधू नये. लग्नाची मोठी भांडी आणि सतरंज्या आपण प्रत्येक घरी विकत घेत नाही. त्या विहारात असतात, ज्याला लागतात तो नेतो आणि परत आणून ठेवतो. तशाच दोन-तीन चाइल्ड सीट प्रत्येक विहार समितीने का घेऊ नयेत? डफरीनमधून बाळंतीण घरी आणायची असो की लग्नाला जायचे असो, सीट विहारातून न्यावी. घेताना एआयएस ०७२ हे मानक पाहावे. अपघात झालेल्या गाडीतली जुनी सीट घेऊ नये.

लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्याच आहेत. तान्ह्या बाळाचे डोके जड आणि मान कच्ची असते, म्हणून त्याची सीट मागे तोंड करून आणि मागच्या बाकावरच लावावी. समोर एअरबॅग असलेल्या जागी ती कधीच ठेवू नये. थोडे मोठे झालेले मूल पुढे तोंड करून, त्याच्या मापाच्या सीटच्या पट्ट्यांत बसवावे. त्याहून मोठ्या मुलाला बूस्टर सीट लागते, कारण उंची पावणेपाच फुटांच्या आसपास होईपर्यंत मोठ्यांचा बेल्ट मुलाच्या गळ्यावर आणि पोटावर येतो. खाली उशी देऊन काम भागत नाही, ती घसरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते चाइल्ड सीटमुळे बालमृत्यू ६० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात.

गाडी ठरवताना भाड्याआधी एक प्रश्न विचारावा, "मागचे बेल्ट चालतात का?" जेवढ्या सीट तेवढीच माणसे, आणि त्यात लेकरेही मोजायची. सीट मिळालीच नाही, तर तान्ह्या लेकराला घेऊन रेल्वेने जावे. अकोला, मूर्तिजापूर आणि बडनेरा ही स्टेशने नागपूरच्या मार्गावरच आहेत.

माता रमाई आणि बाबासाहेबांनी पाचपैकी चार लेकरे गमावली. लेकरू जाण्याचे दुःख काय असते, हे आपल्या समाजाला कुणी सांगायला नको. त्या काळी गरिबी आणि आजारपणापुढे माणसाचे हात बांधलेले होते. आज एक पट्टा लावणे आपल्या हातात आहे. तथागतांचा अखेरचा उपदेश अप्रमादाचा, म्हणजे गाफील न राहण्याचा होता. तो वंदनेपुरता ठेवू नये. गाडीची किल्ली फिरवण्याआधी मागे वळून पाहावे, प्रत्येक लेकरू बांधलेले आहे ना?

जय भीम.