आधी अट विचारा

गणपती आले की रत्नागिरी जिल्ह्यातल्या बंद घरांची कुलुपे निघतात. तुतारी आणि कोकणकन्या या रेल्वेगाड्या ओसंडून येतात, महामार्गावर एसटीच्या जादा गाड्यांची रांग लागते, आणि एरवी दोन म्हाताऱ्या जिवांपुरता भात शिजणाऱ्या घरात पंधरा-वीस पाने मांडावी लागतात. संध्याकाळची आरती झाली, मोठ्यांचा पत्त्यांचा डाव बसला, की मुलांचे काय करायचे हा प्रश्न उरतो. एरवी मोबाइल असतोच. पण भाद्रपदातला पाऊस लागून राहिला की आधी वीज जाते, मागोमाग रेंज जाते, आणि मग समईच्या उजेडात, माटवीखाली, एक खेळ सुरू होतो. सणासुदीच्या दिवसांत त्यावर चार ओळी खर्चाव्यात इतका तो चांगला आहे.

एकाने मनात एक वस्तू धरायची. ती खरी असून चालणार नाही, गोष्टीतलीच हवी. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, उत्तर फक्त हो किंवा नाही. वीस प्रश्नांत ओळखली नाही तर धरणारा जिंकला. याचा साधा अवतार 1946 साली अमेरिकन रेडिओवर आला, पुढच्याच वर्षी बीबीसीवर आला आणि दोन्हीकडे गाजला. तिथे सुरुवातीलाच सांगितले जाई की वस्तू प्राणिज आहे, वनस्पतिज आहे की खनिज. गोष्टीतल्या वस्तूंना हे खाते लागू पडत नाही. चेटकिणीचा झाडू वनस्पतीत धरायचा की वाहनांत?

एक डाव जवळून पाहण्यासारखा झाला. मुंबईहून आलेल्या नातवाने वस्तू धरली होती. आजी वाती वळता वळता सहज खेळात शिरली.

"दगड आहे का रे?"

"हो."

"लोखंडाचं सोनं करतो?"

"हो."

"हात्तिच्या! परीस."

दोन प्रश्नांत डाव संपला म्हणून नातू हिरमुसला, पण लगेच सावरून म्हणाला, "आजी, पण माझा परीस माणसाला अमरही करतो."

"मग तो परीस नव्हे, बाळा. परसानं सोनं होतं, तेही लोखंडाचंच. अमर व्हायचं तर अमृत लागतं, ते निराळं."

नातवाच्या डोळ्यांपुढे हॅरी पॉटर होता. त्या मालिकेचा पहिला भाग मराठीत 'हॅरी पॉटर आणि परीस' याच नावाने आला आहे. युरोपातल्या किमयागारांचा दगड कोणत्याही हलक्या धातूचे सोने करतो आणि त्यातूनच आयुष्य लांबवणारा रसही निघतो. आपला परीस संतांच्या दृष्टान्तांतून आलेला. तो लोखंडापलीकडे जात नाही आणि त्याला स्पर्श लागतो. दोघेही बरोबर होते, म्हणून भांडण रंगले. आमच्या मते हा वादच खेळाचा खरा गाभा आहे. अद्भुत वस्तू काय करते यावरून ती ओळखू येत नाही, कारण सोने देणाऱ्या, अदृश्य करणाऱ्या, उडवून नेणाऱ्या वस्तू जगभरच्या गोष्टींत शेकड्यांनी सापडतील. ती ओळखू येते तिच्या अटीवरून: कुणाच्या हाती चालते, कधी बंद पडते, बदल्यात काय घेते.

वनवासात सूर्याने युधिष्ठिराला दिलेले अक्षयपात्र घ्या. 'अन्न देते का' या प्रश्नाने फारसे काही हाती लागत नाही. 'कुणीतरी जेवल्यावर ते थांबते का' असे विचारले की वस्तू पकडीत येते. द्रौपदीचे जेवण होईपर्यंत पात्र रिते होत नाही, आणि ती जेवली की त्या दिवसापुरते संपले. दुर्वासांची स्वारी शिष्यांसह येते ती नेमकी तिच्या जेवणानंतर. ही अट काढून टाका, गोष्टच उरत नाही. कृष्णाला पात्राला चिकटलेले भाजीचे पान शोधायचे कारणही उरत नाही.

स्यमंतक मणी तर या दिवसांतलाच. चतुर्थीचा चंद्र दिसला तर चोरीचा आळ येतो आणि त्यावर उतारा म्हणून स्यमंतकाची कथा ऐकायची, हे अजून घरोघर सांगितले जाते. सत्राजिताला सूर्याकडून मिळालेला हा मणी रोज आठ भार सोने देई. शुचिर्भूत माणसाने धारण केला तर भरभराट, नाहीतर घात, अशी त्याची अट विष्णुपुराणात आहे. सत्राजिताचा भाऊ प्रसेन तो घालून शिकारीला गेला. त्याला सिंहाने मारले, सिंहाला जांबवंताने, आणि आळ आला कृष्णावर. मुलांना या कथेतले सोने आवडते. आम्हाला आवडतो तो तिचा शेवट: कृष्ण एवढी झुंज देऊन मणी मिळवतो आणि तो ज्याचा त्याला नेऊन देतो.

निवडणुकीच्या दिवसांत दारोदार येणाऱ्या अक्षयपात्रांना मात्र अट नसते. त्या वेळी ही नातवंडे घरात असती तर दोन बरे प्रश्न विचारले गेले असते.

गणपतीच्या आगेमागेच आणखी एक तारीख येते, 21 सप्टेंबर. 1937 साली या दिवशी टॉल्किनची 'द हॉबिट' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यात डोंगराच्या पोटातल्या अंधारात नायक बिल्बो आणि तिथे राहणारा गॉलम यांच्यात कोड्यांचा सामना होतो. गॉलम जिंकला तर तो बिल्बोला खाणार, हरला तर बाहेरची वाट दाखवणार. कोडी संपत आलेला बिल्बो खिशात हात घालतो, बोटांना एक अंगठी लागते, आणि 'हे काय बरे खिशात' असे काहीसे तो स्वतःशीच पुटपुटतो. गॉलम तेच कोडे समजतो, चिडतो, तीन संधी मागून घेतो आणि तिन्ही वाया घालवतो. हा डाव न्याय्य होता का, याची रुखरुख लेखकालाही असावी. पुढे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या प्रास्ताविकात त्याने मान्य केले की नियमाने पाहिले तर ते कोडे की नुसता प्रश्न यावर जाणकारांत मतभेद आहेत. पण एकदा उत्तर द्यायला बसल्यावर गॉलमला शब्द पाळणे भाग होते, असेही बजावले. आमचे मत गॉलमच्या बाजूचे आहे. ज्याचे उत्तर फक्त विचारणाऱ्याच्या खिशात असते, ते कोडे नव्हे.

ही गोष्ट रत्नागिरीकराला सांगायला नको, कारण त्याच्या अंगणात हाच सामना पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. जाखडी नाचाचे रिंगण धरणारे गडी, पायात चाळ, मधोमध ढोलकी आणि शाहीर. गण झाला, गौळण झाली, की शक्ती आणि तुरा या दोन फळ्यांतला शक्तीवाला तुरेवाल्याला सवाल टाकतो आणि रात्र जागी होते. ते सवाल पुराणांतून उचललेले असतात: अमुक शस्त्र कुणी कुणाला दिले, अमुक रत्न कुठून निघाले, कोणत्या शापाने निकामी झाले. समोरच्याने उत्तर गाऊन द्यायचे, आणि खोटे वाटले तर ग्रंथाचा दाखला मागायचा. थोडक्यात, आपल्याकडे अद्भुत वस्तू ओळखण्याचा खेळ चालीवर बसवलेला आहे, आणि पोस्टरवर त्याला 'जंगी सामना' म्हणतात. मात्र अलीकडे काही सामन्यांत सवालाची जागा वैयक्तिक टोमण्यांनी आणि सिनेमाच्या चालींनी घेतली आहे, तर काही शाहीर दुसऱ्या टोकाला जाऊन कुणाच्याच घरात नसलेल्या पोथीतला सवाल काढतात. तोही शेवटी खिशातलाच प्रश्न. समोरच्या अंगणात बसलेल्या बाईला ऐकता ऐकता 'अगो, हे मला ठाऊक आहे' असे वाटले पाहिजे, तरच सवालाला लज्जत आहे.

असे वाटायचे तर गोष्टी सगळ्यांच्या असाव्या लागतात. मराठीत त्यांचा साठा कमी नाही. सिंहासनबत्तिशी 1814 सालीच छापली गेली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या आणि पुढे विष्णुशास्त्र्यांनी ते काम चालवले. नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने एका पिढीची झोप उडवली. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण अलीकडे रंगवली ती आपल्या देवरुखच्या वैभव मांगले यांनी. टॉल्किनची अंगठी मुग्धा कर्णिकांच्या अनुवादातून मराठीत आली आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय तर 1828 सालचे. अडचण एवढीच की आजीच्या वस्तू नातवाला माहीत नाहीत आणि नातवाच्या आजीला. त्यावर व्याख्यानमाला भरवून काही होईल असे आम्हाला वाटत नाही. वीज गेलेली असताना एकाच चटईवर बसून खेळले तर पुष्कळ होईल. परीस कुणाचा खरा, यावर भांडताना त्या दोघांना एकमेकांची पुस्तके कळली.

म्हणून मंडळांना आणि शाहिरांना एक विनंती. यंदाच्या सामन्यांत एक बक्षीस अशा सवालाला ठेवा, ज्याचे उत्तर समोरच्या शाहिराच्या आधी प्रेक्षकांतून येईल. आणि घरच्या डावात पहिली वस्तू धरण्याचा मान घरातल्या सर्वांत थोराला द्या. नियम हो-नाहीचाच ठेवा, नाहीतर आजोबा मूळ गोष्टच सांगत बसतात.

आमच्याकडून सुरुवातीला एक वस्तू. ती उडते. सोन्याची होती, भावाने भावाकडून हिसकावलेली होती, आणि शेवटी मूळ मालकाकडे परत गेली. तिच्यात कितीही माणसे बसली तरी आणखी एकापुरती जागा शिल्लक राहते, असे सांगतात; गणपतीतल्या एसटीला नेमका हाच गुण लाभला असता तर! उत्तर आम्ही उद्याच्या अंकात छापणार नाही. ते घरातच कुणाला तरी ठाऊक असेल, त्यांना विचारा.