काळ्या पेटीचा हिशोब

आज एक कबुली. लॉस एंजेलिसला घर घेतलं तेव्हा मागच्या भिंतीला एक काळी प्लास्टिकची पेटी होती. पेस्ट कंट्रोलवाला महिन्यातून एकदा येऊन तिच्यात विषाच्या वड्या भरायचा, मी पैसे द्यायचो. मेलेला उंदीर एकदाही दिसला नाही. किती स्वच्छ काम, असं मी कौतुकानं सांगायचो! उंदीर मरतात कुठे, हा प्रश्न इंजिनिअर म्हणवणाऱ्या मला पडला नाही.

रक्त गोठायला व्हिटॅमिन के लागतं. शरीर ते पुन्हा पुन्हा वापरतं. हे विष तो पुनर्वापरच बंद पाडतं आणि आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. पण उंदीर काही दिवस हिंडत राहतो. विकणाऱ्यांच्या लेखी हा दोष नाही, गुण आहे! खाल्ल्याबरोबर एक मेला तर बाकीचे वडीला शिवणार नाहीत. या दिवसांत तो आणखी वड्या खातो, सुस्तावतो, उघड्यावर येतो. घुबडाला याहून सोपी शिकार कुठली? ब्रोडिफॅकम, ब्रोमॅडिओलोन ही विषं तर यकृतात महिनोन् महिने साठून राहतात.

इथल्या ग्रिफिथ पार्कमधला पी-२२ हा प्रसिद्ध माउंटन लायन २०१४ साली खरजेनं झडलेला सापडला, रक्तात उंदराचं विष. न्यूयॉर्कमधलं फ्लॅको घुबड २०२४ मध्ये मेलं, शरीरात अशी चार विषं आणि जोडीला कबुतरांचा विषाणू. कॅलिफोर्नियानं २०२१ पासून, काही अपवाद ठेवून, दुसऱ्या पिढीच्या या विषांवर बंदी घातली. माझी पेटी तेव्हा गेली. माझ्या शहाणपणानं नव्हे, कायद्यानं!

"मग काय उंदीर पाळायचे? लेप्टो झाला तर?" नाही हो, मारा ना. पण आधी भोकं बुजवा, कचरा झाका, चाप लावा. आपल्याकडेही ब्रोमॅडिओलोन मिळतं. गव्हाणी घुबड अशुभ म्हणून आपण हाकलतो, धामण दिसली की काठी घेतो आणि मग उंदीर वाढले म्हणून विष आणतो. फुकटचे राखणदार मारून विकतचं विष घ्यायचं, हा कुठला हिशोब?

आता चापात सापडलेला उंदीर मलाच उचलावा लागतो. किळस येते. ती टाळायलाच मी पेटीचे पैसे मोजत होतो, आणि खरी किंमत दुसरंच कुणीतरी भरत होतं.