सोन्याचा पाळणा, दुष्काळ आणि ‘वांझ’ हा शब्द

१/ ‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात आजही ऐकू येते. धान्य आणि कापसाच्या भरभराटीच्या बाजारपेठेमुळे या गावाला हे बिरूद मिळाले. परंतु घरातला पाळणा हलतो की नाही, याचा निवाडा समाजाने नेहमी स्त्रीच्या दैवावर सोपवला. इतिहासाची साक्ष वेगळी आहे. प्रजननक्षमता ही स्त्री आणि पुरुष, दोघांच्याही एकूण प्रकृतीची खूण आहे. थ्रेड.

२/ प्रारंभ दुष्काळापासून. १८९९-१९०० चा ‘छप्पनचा दुष्काळ’ मराठवाड्यावर कोसळला, तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होते. १८९१ च्या जनगणनेत हैदराबाद संस्थानची लोकसंख्या सुमारे १ कोटी १५ लाख होती. १९०१ मध्ये ती सुमारे १ कोटी ११ लाखांवर आली. या घटीमागे उपासमार आणि साथींनी झालेले मृत्यू होते, हे सर्वांना ठाऊक असते. न झालेल्या जन्मांची आठवण सहसा कोणी काढत नाही.

३/ लोकसंख्याशास्त्रज्ञ टिम डायसन यांनी १९९१ मध्ये भारतातील दुष्काळांच्या नोंदी तपासून एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. मृत्यूंचा आकडा शिगेला पोहोचण्याच्या आधीच गर्भधारणा घटू लागते. सरकारी दप्तराला दुष्काळ दिसण्यापूर्वी तो देहाला कळलेला असतो.

४/ याचे कारण शरीरातच आहे. अन्न तुटपुंजे आणि कष्ट अफाट असले की मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संकेत मंदावतात आणि मासिक पाळी थांबते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये अन्नटंचाई झाली, तेव्हाही हेच घडले. त्याच काळात अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुण पुरुषांनी स्वेच्छेने अर्धपोटी राहण्याचा प्रयोग केला. त्यांची कामेच्छा मावळली आणि शुक्रजंतूंची हालचालही मंदावली. उपासमार स्त्री-पुरुष भेद करत नाही.

५/ आपल्या जुन्या वैद्यकाला याची जाण होती. सुश्रुतसंहितेत गर्भधारणेसाठी चार गोष्टी सांगितल्या आहेत : ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. म्हणजे योग्य काळ, गर्भाशय, पोषण आणि बीज. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायात स्त्रीच्या योनिविकारांबरोबरच पुरुषाच्या शुक्रदोषांचाही विचार आहे. दोघांचे विकार एकाच अध्यायात येतात, ही बाब लक्षणीय आहे.

६/ धर्मशास्त्राने मात्र निराळी वाट धरली. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायानुसार वंध्या पत्नी असल्यास आठव्या वर्षी, अपत्ये जगत नसल्यास दहाव्या वर्षी आणि केवळ मुलीच होत असल्यास अकराव्या वर्षी पुरुषाने दुसरी पत्नी करावी. वैद्यकाने दोघांत शोधलेले कारण शास्त्राने एकीच्याच पदरात बांधले. समाजाच्या अंगवळणी पडले ते हे दुसरे मत.

७/ भाषा त्याची साक्ष देते. ‘वांझ’ हा शब्द स्त्रीला लागतो, गाईला लागतो, झाडाला आणि जमिनीलाही लागतो. अपत्य नसलेल्या पुरुषाला तो कोणी लावत नाही. ‘नपुंसक’ हा शब्द भलत्याच गोष्टीचा आहे. शरीरसंबंधाची क्षमता आणि शुक्रजंतूंचे आरोग्य या वेगळ्या बाबी आहेत. ज्या दोषाला भाषेत नावच नाही, त्याची तपासणी तरी कोण करणार?

८/ हे जालन्यात घडावे, यात मोठी विसंगती आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथेच महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. १९६४ हेच सी.एस.एच.-१ या भारतातील पहिल्या संकरित ज्वारीचे वर्ष. ज्वारीच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. त्यामुळे संकरित बियाण्यासाठी ज्याचे परागकण निकामी आहेत, असा ‘नर-वंध्य’ वाण मादी म्हणून वापरावा लागतो.

९/ म्हणजे बीजोत्पादनाच्या शेतात ‘नर-वंध्यत्व’ ही रोजच्या व्यवहारातली गोष्ट आहे. पीक उगवले नाही तर शेतकरी आधी बियाण्यावर संशय घेतो, ‘बोगस बियाणे’ म्हणून तक्रार करतो, उगवणशक्ती तपासायला लावतो. घरात मात्र हाच न्याय उलटा होतो : संशय आधी क्षेत्रावर, आणि बीजाची तपासणी सर्वांत शेवटी, तीही झाली तर.

१०/ पुरुषाचा देहही परिस्थितीची नोंद ठेवतो. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथील रासायनिक कारखान्यातल्या कामगारांच्या लक्षात आले, की आपल्यापैकी अनेकांना मुले होत नाहीत. तपासणीत डीबीसीपी या कृमिनाशकाने त्यांची शुक्रजंतूनिर्मिती बिघडवल्याचे उघड झाले. विषाची पहिली वर्दी रिकाम्या पाळण्याने दिली.

११/ शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे त्यांच्यात मागच्या काळातल्या प्रकृतीचे प्रतिबिंब पडते. मधुमेह, लठ्ठपणा, तंबाखू, दारू आणि सततची उष्णता यांचा त्यांच्यावर परिणाम होतो. पोलादाच्या भट्ट्यांच्या आणि कीटकनाशके फवारणाऱ्या शेतांच्या जिल्ह्यात हे ज्ञान दवाखान्याच्या भिंतीआड राहणे परवडणारे नाही.

१२/ आणि स्त्रीचा देह? ऊसतोडीच्या करारात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. एक दिवस खाडा झाला की दंड. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी शेजारच्या बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक.

१३/ पाळीचा त्रास ही एक खूण होती : रक्तक्षयाची, जंतुसंसर्गाची, फडावर शौचालय नसण्याची, बालवयातल्या लग्नाची. खुणेचे कारण शोधण्याऐवजी खूणच कापून टाकण्यात आली. एकीकडे मूल होत नाही म्हणून बोल लावणारा आणि दुसरीकडे मुले झाली, आता पिशवी कशाला असे विचारणारा समाज एकच आहे. दोन्ही वेळा स्त्रीची प्रकृती हा प्रश्नच नसतो.

१४/ एक इशारा आवश्यक आहे. खूण म्हणजे निकाल नव्हे. धडधाकट माणसांनाही अपत्य होत नाही आणि अशक्त देहातही गर्भ राहतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यांतल्या कित्येक जणी माता आहेत. मूल झाले म्हणजे आई निरोगी, हा समजही तितकाच घातक.

१५/ र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. खटले आणि निंदा सोसली. मासिकाच्या नावातच त्यांचा विचार होता : प्रजनन हा समाजाच्या स्वास्थ्याचा विषय आहे, लज्जेचा नाही.

१६/ जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. तेव्हा मागणी साधी आहे. पहिल्याच भेटीत दोघांचीही तपासणी व्हावी. पाळी अनियमित झाली, तर लग्नाची नव्हे, रक्ताची आणि आहाराची चौकशी व्हावी. मजुरी ठरवताना दोघांचा मिळून एक कोयता धरणाऱ्या समाजाने दोष देताना तरी त्याचे दोन तुकडे करू नयेत.