घरातली शाळा : काडीने दाबलेला स्विच

ईदला चार दिवस राहिले होते. नानकटाईचा पहिलाच ट्रे बाहेर काढला, तर मागची रांग करपलेली आणि पुढची कच्ची. भाईजानांनी आखातातून परतताना आणलेली आमची कुकिंग रेंज दहा वर्षे बिनतक्रार चालली होती. आता मात्र ओव्हनचा दरवाजा लावला तरी आतला दिवा विझत नव्हता आणि मागचा पंखा फिरत नव्हता. पंखा नसला की गरम हवा सगळीकडे सारखी पोचत नाही.

मेकॅनिक आला. मागचे पत्रे न उघडताच म्हणाला, "बोर्ड गेला, नवा टाकावा लागेल." सांगितलेली रक्कम ऐकून अम्मी म्हणाल्या, "एवढ्यात तर भट्टीवाल्याकडून वर्षभर नानकटाई भाजून येईल."

तेवढ्यात पुतण्याला दरवाजाच्या चौकटीत एक छोटी दांडी दिसली. बोटाने दाबली की दिवा विझे आणि पंखा सुरू होई. हाच दरवाजाचा स्विच. दरवाजा लागला की दांडी दाबली जाते आणि ओव्हनला कळते की आता पंखा चालवायला हरकत नाही. त्याने तिथे आगपेटीची काडी घट्ट खोचून दिली. पंखा फिरू लागला, ईद पार पडली आणि पोराची वाहवा झाली. त्या वाहवेत आम्हीही होतो. वर्गात विजेचे धडे शिकवणाऱ्या आम्हाला ती काडी खुपली नाही.

आठवड्याने आठ वर्षांच्या भाचीने केक बघायला दरवाजा उघडला. एरवी अशा वेळी पंखा थांबतो. काडीमुळे तो थांबला नाही आणि तापलेल्या हवेचा झोत सरळ तिच्या हातावर आला. लगेच हात नळाच्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरला. बर्फ लावला नाही, टूथपेस्टही नाही. अल्लाहचा शुक्र, थोडी लाली येऊन निभावले. पण त्या रात्री घरात कुणी नीट जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी काडी काढून टाकली आणि शांतपणे तपासले. हे काम आपणही करू शकता, म्हणून क्रमाने सांगतो.

ओव्हन पूर्ण थंड असू द्या आणि तापमानाचे बटण बंद ठेवा. आता दांडी बोटाने दाबून सोडा. 'टक्' आवाज येतो का, दिवा बदलतो का, ते बघा. दांडी चिकट झाली असेल तर बहुधा तेलकट मळ साचलेला असतो. प्लग काढून ओल्या, पिळलेल्या फडक्याने तो पुसा. बोटाने दाबल्यावर सगळे ठीक चालते, पण दरवाजा लावल्यावर चालत नाही, असे असेल तर स्विच चांगला आहे, दोष दरवाजाचा. बिजागरी सैल झाली आहे का आणि कडेची रबरी पट्टी खोबणीतून निघाली आहे का, ते बघा. आमच्याकडे तेच झाले होते. खालच्या कोपऱ्यात पट्टीचा हूक सुटून ती दुमडली होती, त्यामुळे दरवाजा जेमतेम एका नखाएवढा उघडा राहत होता. हूक बसवला. खर्च शून्य.

बोटाने दाबूनही काहीच होत नसेल तर स्विच किंवा त्याची तार बिघडलेली असू शकते. तिथून पुढे जाणकार माणसाला बोलवा. त्याला एवढेच सांगा की बोर्ड बदलण्याआधी वीज तोडून, तारा सोडवून, मीटरने स्विच तपासावा. नवा स्विच घेताना जुना सोबत न्या. त्यावर अँपिअर आणि किती उष्णता सोसतो ते छापलेले असते. 'टी १२५' म्हणजे भोवतालचे १२५ अंश सेल्सिअस तापमान. साध्या दिव्याचा स्विच तिथे बसवू नका.

मायक्रोवेव्हची गोष्ट मात्र वेगळी. त्याच्या दरवाजाचे स्विच लहरी बाहेर येऊ नयेत म्हणून असतात आणि आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो. त्याचे झाकण घरी कधीही उघडू नका.

आमच्या ओव्हनचा स्विच बिघडलेला नव्हताच. दरवाजा नीट लागलेला नाही, एवढेच तो सांगत होता. आम्ही कारण शोधले नाही; काडी खोचून त्याला गप्प केले. पुतण्याने ती काडी चिकटपट्टीने फ्रिजवर लावून ठेवली आहे. भाची येता-जाता ती बघते आणि आम्हीही.