अपस्मारी बालकाच्या स्मृतीची कैफियत

अपस्माराचा विकार असलेल्या मुलाने सोमवारी घडाघडा म्हणून दाखविलेले पाढे पुढच्या सोमवारी त्यास आठवले नाहीत, की त्याच्यावर आळसाचा आरोप ठेवण्यात येतो. आणि ‘पाठ झाले होते, ते जाईल कसे?’ एवढे विचारले म्हणजे आरोप शाबीत झाला, असे पुष्कळ शिक्षकांस व पालकांस वाटते. परंतु पाठ म्हणून होताच धारणेचे कार्य संपते, हे गृहीतच सदोष आहे. ते कार्य पुढे कित्येक दिवस, विशेषतः निद्रेत, चालू असते. आणि अपस्माराचे विद्युत्‌प्रक्षोभ, अंगास झटका न येताही, निद्रेतच उसळून त्यात व्यत्यय आणू शकतात. म्हणूनच अर्ध्या तासानंतरच्या चाचणीत इतरांच्या बरोबरीने उतरणारी काही मुले तीच माहिती आठवड्याभरात गमावून बसतात.

यावर कोणी म्हणेल की, मग मूल मंदबुद्धीच असले पाहिजे. त्यास हेन्री मोलेसनचा दाखला पुरेसा आहे. बालपणापासून अपस्माराने पीडित असलेल्या या अमेरिकन गृहस्थाच्या मेंदूतील दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे स्मृती साठविण्यास आवश्यक अशा अवयवाचा, मोठा भाग 1953 साली शस्त्रक्रियेने काढण्यात आला. नवे प्रसंग स्मरणात ठेवण्याची त्याची शक्ती नष्ट झाली, बुद्धी मात्र शाबूत राहिली.

तिसरा पक्ष सारा दोष औषधांच्या माथी मारतो. फेनोबार्बिटोन, टोपिरामेट यांसारख्या औषधांनी काहींचे अवधान मंदावते, ही तक्रार रास्त आहे, व ती ऐकून मात्रा किंवा औषध बदलणे हे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे. परंतु तेवढ्या सबबीवर घरच्या घरी औषध बंद करणे म्हणजे न थांबणाऱ्या, प्रसंगी प्राणघातक झटक्यास आमंत्रण देणे होय. शिवाय काही मुलांत औषधाची पहिली गोळी घेण्यापूर्वीच स्मृतिदोष आढळतो, याचा उलगडा या पक्षास करता येत नाही.

तात्पर्य, विस्मरण हे या व्याधीचेच एक अंग मानून त्याची तजवीज उपचारात व शिक्षणात केली पाहिजे. सूचना लेखी द्याव्यात, एकच धडा काही दिवसांच्या अंतराने पुन्हा उजळावा, परीक्षेत वेळेची सवलत असावी. आणि मूल काय विसरले, किती दिवसांनी विसरले, याची नोंद शिक्षकाने ठेवून ती पालकांमार्फत डॉक्टरांकडे पाठवावी. कारण दवाखान्यातील तासाभराच्या तपासणीत न सापडणारा हा पुरावा वर्गातच रोज उपलब्ध असतो, आणि आज फिर्यादी होऊन बसलेला शिक्षकच या प्रकरणातील सर्वांत विश्वसनीय साक्षीदार होऊ शकतो.